चर्चा: दुबार पेरणी, उपदेशकाचं पुस्तक आणि जगण्याचा अर्थ

कोरडवाहू_जालना
आमचं घर तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. तीन एकर कोरडवाहू. मृगात सरकी लावली, उगवलीही चांगली, मग पावसानं तीन आठवडे दडी मारली. दुबार पेरणी आली. बियाण्याची पिशवी बांधावर ठेवून मी तासभर नुसता बसलो. उठावंसंच वाटेना. कशासाठी करायचं हे सगळं?

त्या रात्री बायबलातलं उपदेशक काढलं. बाराच अध्याय. लिहिणारा सुरुवातीलाच म्हणतो, सगळं व्यर्थ. घरं बांधली, बागा लावल्या, सोनं साठवलं, हाती वारा. अकराव्या अध्यायात मात्र तो म्हणतो की वाऱ्याकडे बघत बसणारा पेरत नाही. सकाळी बी पेर, संध्याकाळीही हात आखडू नको, कारण कोणतं साधेल तुला ठाऊक नाही. पाऊस पडेलच, असं वचन त्यात कुठंच नाही. म्हणूनच मला ते खरं वाटलं. सकाळी पुन्हा सरकी टोबली.

माझ्या जगण्याला अर्थ इथून मिळतो. तुम्हाला काय वाटतं?

माळवद
दादा, तुमच्या दुःखाचा आदर आहे, पण पटत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला मी चौथीत होतो. आजोळ किल्लारीजवळ. रात्री गणपती बोळवले आणि पहाटे चारच्या आतच भूकंपानं घरं बसली. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची हातभर माती. आजी त्याखाली गेली. मामाच्या घरी भेटायला येणारी माणसं म्हणत होती, काहीतरी पाप घडलं असणार. श्रद्धेनं अर्थ लावायला गेलं की दोष मेलेल्याच्या माथी येतो. आजीला मारलं त्या मातीच्या ओझ्यानं. शेतकऱ्यालाही पाणी, विमा आणि भाव पाहिजे. धीर धरायला शिकवलं की तो भांडायचं सोडतो.

कोरडवाहू_जालना
आजीबद्दल वाचून पोटात कालवलं. पण हाच प्रश्न बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात आहे. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ते इतरांपेक्षा जास्त अपराधी होते का? आणि स्वतःच सांगतो, नाही. बायबलातच ईयोब नावाच्या सज्जन माणसावर संकटं कोसळतात, त्याला भेटायला आलेले मित्रही तुमच्या मामाकडच्या पाहुण्यांसारखंच बोलले. शेवटी देव रागावतो तो त्या मित्रांवर. ईयोब तर देवाशीच भांडत होता. भांडण सोडा, असं मी म्हणणार नाही.

माळवद
आत्ताच तो अध्याय उघडून वाचला. ‘नाही’च्या पुढं लगेच आहे की पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही असाच नाश होईल. आईबाप गेलेल्या लेकराला हे ऐकवाल का?

कोरडवाहू_जालना
नाही ऐकवणार. ते वाक्य मलाही टोचतं, त्याला गुळगुळीत करून सांगणार नाही. त्याला लागूनच अंजिराच्या झाडाची गोष्ट आहे. तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, यंदाचं एक साल राहू द्या, भोवती खणून खत घालतो. मी त्या माळ्याला धरून आहे.

गोदाकाठची
मी गंगाखेडची. आमच्यात जनाबाई. आई पहाटे जात्यावर तिचे अभंग म्हणायची, विठोबा दळू लागतो म्हणायची. त्यामुळं श्रद्धेनं बळ येतं हे मला शिकवायला नको. ते कोणत्या पुस्तकातून आलं यावरही वाद नाही.

पण दादा, तुम्ही सगळं मालकाच्या बाजूनं लिहिलंय. आमच्याकडं वावर नव्हतं. ज्वारी काढून झाली की आई सरवा वेचायला जायची. पडलेली कणसं ओटीत घेऊन यायची, बोटांना कुसळं रुतलेली असायची. काही वावरांतून हाकलून देत. तुमच्या पुस्तकात आमच्यासाठी काय आहे?

कोरडवाहू_जालना
ताई, आहे. रूथ ही विधवा परदेशी बाई, बेथलेहेमात सातूच्या शेतात सरवा वेचते. आमच्या मराठी बायबलात हाच शब्द आहे, सरवा. बायबलातल्याच लेवीय पुस्तकाच्या १९व्या अध्यायात मालकाला सांगितलंय की कडेकोपऱ्यापर्यंत कापू नको, पडलेलं उचलू नको, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं आहे. तो त्याचा हक्क आहे, दान नाही.

माळवद
हे आवडलं. पण पाळतं कोण?

गोदाकाठची
तेच विचारते. तुमच्या वावरात किती सोडता?

कोरडवाहू_जालना
दोन दिवस उत्तर लिहिलं नाही, कारण खरं सांगायचं होतं. आजवर मी पिकाचं एक तासही, म्हणजे एक ओळही, सोडलेलं नाही. वडील सोडायचे, आमच्या हातून ते बंद झालं. घरात बोललो. रब्बीला ज्वारीची बांधालगतची दोन तासं कापायची नाहीत असं ठरलंय. आई म्हणाली, वाड्यावरच्या बायांना आधी निरोप द्या, नाहीतर हाकलतील या भीतीनं त्या येणारच नाहीत.