मदत हवी आहे: फुटबॉल फॅन्सना हाताने केलेले कानातले कसे विकायचे?

ऋता_के
नमस्कार मंडळी, जरा पटकन मदत हवी आहे. मी घरी कानातले करते, ते इथल्या कॉलेज फुटबॉलच्या लोकांना विकायचेत. सीझन तीन आठवड्यांवर आलाय. युनिव्हर्सिटीच्या रंगात ९० जोड तयार आहेत, एट्सीवर (हस्तकलेच्या वस्तू विकायची वेबसाइट) टाकून दोन महिने झाले आणि गेले फक्त ४, त्यातले २ मैत्रिणीने घेतले. भाव १८ डॉलर. इन्स्टावर रोज फोटो टाकते. नक्की कुठे चुकतंय? धीर धरा असं प्लीज कोणी सांगू नका, ते घरात रोज ऐकते.

गोदाकाठ
इथल्या म्हणजे कुठल्या? आणि कॉलेजची मॅच बघायला एवढं कोण जातं की त्यासाठी दागिने घेतील?

ऋता_के
सॉरी, घाईत राहिलं. कोलंबस, ओहायो. आणि फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल.

देवदत्त७४
गोदाकाठ, आम्ही इथे १९ वर्षं आहोत म्हणून सांगतो. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या स्टेडियमात १,०२,७८० माणसं बसतात, म्हणजे तीन वानखेडे, आणि खेळणारी पोरं कॉलेजातली. मॅचच्या शनिवारी अख्खं शहर स्कार्लेट आणि ग्रे (लाल आणि करडा, युनिव्हर्सिटीचे रंग) मध्ये असतं, सकाळी सातपासून पार्किंगमध्ये गाड्यांच्या डिक्क्या उघडून खाणंपिणं चालू, त्याला टेलगेटिंग म्हणतात. बाळापासून आजीपर्यंत सगळे नटून येतात. गिऱ्हाईक आहे हो, भरपूर आहे.
ऋता, सोप्पं सांगतो, त्यावर युनिव्हर्सिटीच्या लोगोतला ओ टाक नाहीतर त्यांच्या शुभंकराचं (मॅस्कॉट), ब्रूटसचं तोंड टाक. नुसत्या लाल कानातल्याला कोण विचारणार? फ्ली मार्केटमध्ये सगळे लोगोवालेच विकतात.

मीनल_ह्यूस्टन
देवदत्त, कृपा करून असले सल्ले देऊ नका. मी दुसऱ्या एका युनिव्हर्सिटीचा लोगो घालून किचेन विकत होते, एके दिवशी तक्रार आली आणि एका रात्रीत ११ लिस्टिंग उडाली, दुकानच बंद व्हायची वेळ आली होती. लोगो, नाव, मॅस्कॉट सगळं ट्रेडमार्क असतं. ओहायो स्टेटने तर २०२२ मध्ये कपड्यांसाठी 'द' या शब्दाचा ट्रेडमार्क मिळवलाय!

देवदत्त७४
मग रंगांचापण ट्रेडमार्क घेतला का? लाल रंग कुणाच्या बापाचा नाही.

मीनल_ह्यूस्टन
नुसता लाल चालेल. पण एलएसयू (लुईझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) आणि अजून तीन युनिव्हर्सिटींनी, त्यात ओहायो स्टेटपण होती, एका टीशर्ट कंपनीवर केस केली होती. शर्टावर युनिव्हर्सिटीचं नाव नव्हतं, फक्त त्यांचे रंग आणि त्यांच्या विजयांचे उल्लेख. २००८ ला अपील कोर्टात युनिव्हर्सिटी जिंकल्या. म्हणून ऋताताई, रंग वापरा, पण टायटलमध्ये आणि टॅगमध्ये 'बकाय', 'ओहायो स्टेट' घालू नका. 'स्कार्लेट अँड ग्रे गेम डे इअररिंग्ज' एवढंच लिहा. लोक 'गेम डे इअररिंग्ज' असंच शोधतात. लोगोच हवा असेल तर रीतसर लायसन्स घ्या, घरून थोडा माल करणाऱ्यांसाठी काही युनिव्हर्सिटींकडे वेगळं छोटं लायसन्स असतं.

सुलभा_नाशिक
ताई मटेरियल काय आहे ते सांगितलंच नाही. टेराकोटा का सिल्क थ्रेड? मी ठुशी आणि नथी करते, एम सीलने बेस चिकटवते, छान टिकतं.

ऋता_के
सिल्क थ्रेडचे झुमके. खाली मोत्याचे लटकन. टायटल बदलते आज, थँक्यू मीनल. पण नुसत्या टायटलने काय होणार, मला तीन आठवड्यांत माल काढायचाय!

प्राची_सिनसिनाटी
झुमके! तिथेच घोळ आहे बघ. मी चार सीझन विकलेत, इथल्या बायका 'गेम डे' म्हणून सीड बीड्सचे (बारीक मण्यांचे) चपटे, हलके कानातले घेतात, झुमका त्यांना साडीवरचा वाटतो. आणि नोव्हेंबरच्या मॅचला थंडीने काकडत असतात, टोपी आणि मफलर, लटकन त्या लोकरीत अडकलं की कान ओढला जातो, एकीने माझ्यासमोर कानातलं काढून पर्समध्ये टाकलं. सप्टेंबरला लटकते चालतील, ऑक्टोबरपासून टॉप्स. हुक कसले लावलेत? पहिला प्रश्न 'निकेल फ्री आहे का' हाच येतो. आणि रंग नीट बघितलास का? सिल्क थ्रेडचा लाल बऱ्याचदा मरूनकडे झुकतो.

डेट्रॉईटकर
मिशिगनच्या रंगात करा की, पिवळा आणि निळा, आमच्या स्टेडियममध्ये १,०७,६०१ बसतात. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं ओहायो स्टेटविरुद्ध आम्हीच जिंकलो.

देवदत्त७४
आणि २०२४ सीझनचं नॅशनल टायटल आमच्या ओहायो स्टेटकडे आलं तेही सांगा की.

प्राची_सिनसिनाटी
धागा भरकटवू नका रे. ऋता, यांचं ऐकून एकाच टेबलावर लाल आणि निळं मांडू नकोस. मिशिगनच्या मॅचच्या आठवड्यात कॅम्पसवरच्या पाट्यांवरच्या एम अक्षरावर लाल फुली मारतात, इतकं वैर आहे ते.

गोदाकाठ
बकाय म्हणजे काय पण?

देवदत्त७४
झाड आहे, ओहायोचा राज्यवृक्ष, त्यावरूनच ओहायो स्टेटच्या टीमचं नाव. त्याचं बी चॉकलेटी, चकचकीत, एक फिकट ठिपका, हरणाच्या डोळ्यासारखं, म्हणून बक-आय. खायचं नाही, विषारी असतं. त्याला भोक पाडून रुद्राक्षासारखी माळ करतात आणि मॅचला घालतात. ऋता, ही माळ कर! झाडाखाली फुकट मिळतात.

प्राची_सिनसिनाटी
सप्टेंबरमध्ये पडायला लागतात, म्हणजे यंदाच्या पहिल्या मॅचला नाही जमणार. आणि ओल्या बिया ओवल्या तर आतून बुरशी येते, सुरकुततात. माझ्या पहिल्या ४० माळा अशाच टाकल्या. पेपरवर पसरून नीट वाळवायच्या, मग बारीक ड्रिलने हळू भोक, घाईने केलं की चिरते.

सुलभा_नाशिक
मंडळाच्या गणपतीत स्टॉल लावा ना, झुमके तिथे हातोहात जातील.

मीनल_ह्यूस्टन
हे मात्र खरंय. झुमके गणपतीला, गेम डेसाठी वेगळा माल. पण ऋताताई, व्हिसा कुठला आहे? एच-४ (इथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराचा व्हिसा) वर ईएडी (काम करायचा परवाना) नसेल तर विकूच नका, हौस म्हणून केलं तरी ते काम धरलं जाऊ शकतं. आणि स्टॉल लावायचा तर ओहायोचं व्हेंडर लायसन्स (विक्रीचा परवाना) लागतं, सेल्स टॅक्स भरावा लागतो.

ऋता_के
ईएडी आहे, डिसेंबरपर्यंत. लायसन्सचं डोक्यातच नव्हतं, उद्या काढते.
प्राचीताई, तुमचं वाचून शेजारच्या काकांची जर्सी मागून आणली, खिडकीजवळ झुमका त्यावर ठेवला. झुमका सरळ मरून दिसतो. रात्री ट्यूबलाइटखाली दोरा निवडला होता मी, कॅमेऱ्याने पण तोच लाल दाखवला. रडू आलं खरं तर. ६० जोड आता मंडळाला नेते. उरलेल्या २६ जोडांचे लटकन काढले, त्याच मोत्यांत आणि नव्या दोऱ्यात टॉप्स करतेय, सर्जिकल स्टीलच्या पिना मागवल्या. काकू त्यांच्या ओळखीच्या सलूनच्या काउंटरवर एक ट्रे ठेवायला विचारते म्हणाल्यात, शुक्रवारी तिथे केस करायला गर्दी असते. ट्रेवर भाव १२ ठेवू का १८?

प्राची_सिनसिनाटी
सलूनवाली कमिशन किती घेणार ते आधी ठरव, मग भाव. टॉप्सना १४ ठेव.

मीनल_ह्यूस्टन
डिसेंबरला ईएडी संपतंय म्हणालीस, रिन्यूअलचा अर्ज गेला का?