मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवायलाच हवा का?

आमची टीम पूर्ण रिमोट आहे, नवीन मॅनेजर म्हणतात प्रत्येक कॉलला कॅमेरा ऑन पाहिजे, अगदी रोजच्या स्टँडअपला, म्हणजे कामाच्या आढाव्याच्या छोट्या मीटिंगलासुद्धा. दिवसभर असे कॉल झाले की संध्याकाळी डोकं पार बधिर होतं, नाही कसं म्हणायचं?

उत्तर १:
थकवा खरा आहे हो, मनाचा खेळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातले प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये यावर लिहिलंय, सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणं, एका जागी जखडून बसणं आणि हावभाव समजायला-दाखवायला लागणारी जास्तीची मेहनत, ही कारणं. निदान सेल्फ व्ह्यू, म्हणजे स्वतःला दिसणारा स्वतःचा व्हिडिओ, लपवा, झूममध्ये तशी सोय आहे, बाकीच्यांना तुम्ही दिसताच.

उत्तर २:
मी टीम सांभाळते आणि मला मॅनेजरांचीही बाजू कळते, सगळे काळे चौकोन असले की आपण भिंतीशी बोलतोय असं वाटतं, नवीन माणसाला तर कोणाचा चेहराच माहीत होत नाही. म्हणून वन-ऑन-वन आणि ओळखीच्या मीटिंगला कॅमेरा ऑन, बाकी ज्याची त्याची मर्जी. सक्ती मात्र नकोच.

उत्तर ३:
२०२२ मध्ये नेदरलँड्समध्ये दिवसभर वेबकॅम चालू ठेवायला नकार दिला म्हणून एकाला काढलं होतं, कोर्टाने ते चुकीचं ठरवून भरपाई द्यायला लावली. ते मीटिंगपुरतं नव्हतं, पाळतच होती ती. तुम्ही आधी मॅनेजरांशी एकट्याने बोला, त्यांना कॅमेरा नेमका कशासाठी हवाय ते विचारा.