मदत हवी आहे: फायबरसाठी स्वतःचा मोडेम घ्यायचाय

नमस्कार मंडळी, घरचा जुना फायबर मोडेम दिवसातून चार-पाचदा आपोआप बंद पडतोय. एलओएसचा (फायबरचा सिग्नल तुटल्याचा) दिवा लाल होत नाही, म्हणजे लाइन ठीक असावी. सगळे दिवे एकदम विझतात आणि मिनिटभराने परत लागतात. ॲडॅप्टर बदलून पाहिला, फरक नाही.

नवा घ्यायचाय, पण लाइन जीपॉन आहे की ईपॉन (फायबर जोडणीचे दोन वेगळे प्रकार) हे कसं ओळखायचं? चुकीचा आणला तर चालणारच नाही. वायरीचं टोक हिरवं, म्हणजे एपीसी (तिरकं घासलेलं टोक). ते निळ्या यूपीसीच्या (सरळ टोकाच्या) खाचेत लावायचं नाही, एवढं कळलंय. पीपीपीओईचा (इंटरनेट लॉगिनचा) पासवर्ड आहे, व्हीलॅन आयडी (मोडेमच्या सेटिंगमध्ये भरायचा कंपनीचा नेटवर्क क्रमांक) मात्र सापडत नाही. नव्या मोडेमचा सिरियल नंबर कंपनीकडे नोंदवावाच लागतो का? स्वतः बदललेल्यांनी कृपया सांगा, मुलीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आलीय.