एसएसबीत स्वतःबद्दल काय लिहायचं? मदत हवी आहे, लवकर

भटकी_मैना
पुढच्या आठवड्यात रिपोर्टिंग आहे. बाकी तयारी बरी चाललीये, पण ते स्वतःबद्दल लिहायचं असतं ना, तिथे गाडी अडलीये. आईवडील काय म्हणतात, शिक्षक काय म्हणतात वगैरे. नेटवरचे नमुने वाचले, सगळे एकाच साच्यातले. कोणाकडे चांगला नमुना असेल तर इथेच टाका. 'आत्मविश्वास ठेवा' छाप सल्ले नकोत प्लीज.

चहाबाज
कुठली एन्ट्री? आर्मी, नेव्ही की एअर फोर्स? फ्रेशर की रिपीटर? काहीच सांगितलं नाहीस, सांगणार काय कप्पाळ?

दगडधोंडा
सशस्त्र सीमा बलासाठी असलं लेखन नसतं. धावण्याचा सराव करा.

चहाबाज
अहो, ते एसएसबी वेगळं. इथे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाचं, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीचं चाललंय.

दगडधोंडा
बरं. तरी धावावंच.

भटकी_मैना
एनसीसी स्पेशल एन्ट्री, आर्मी, फ्रेशर. बोर्ड भोपाळ. शब्दमर्यादा किती असते?

माजी_छात्र
शब्दमर्यादेचं सोड, वेळेचं बघ. पाच परिच्छेद, १५ मिनिटं: आईवडील, शिक्षक, मित्रमैत्रिणी, तू स्वतः, आणि पुढे कसं व्हायला आवडेल. आणि हे येतं सगळ्यात शेवटी. त्याआधी चित्रांवरून १२ गोष्टी, मग ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद, मग अर्ध्या तासात ६० प्रसंग, त्यात तू काय करशील ते. तोवर बोटं वाकडी झालेली असतात. दोन पानी पाठ केलेलं तिथे कागदावर उतरतच नाही.

विजयी_भव
एवढं घाबरवू नका पोरीला. सोपी युक्ती आहे. अधिकाऱ्यात बघतात ते स्वभावगुण १५, परिच्छेद ५. प्रत्येकात तीन गुण पेरायचे, काम फत्ते. आमच्या क्लासमध्ये हेच शिकवतात.

माजी_छात्र
आणि तपासणाऱ्या सायकॉलॉजिस्टला हा भागाकार येत नाही असं वाटतं का तुम्हाला?

विजयी_भव
म्हणजे क्लास लावणारे सगळे मूर्ख? आमच्या बॅचमधले रेकमेंड झालेत, म्हणजे बोर्डाने निवडलेत.

माजी_छात्र
झाले असतील, पेरणीमुळेच झाले हे कशावरून? त्याच कागदांच्या गठ्ठ्यात तिच्या गोष्टी आणि प्रसंगांची उत्तरंही असतात. इथे 'धाडसी' लिहायचं आणि प्रसंगात प्रत्येक वेळी मोठ्यांना विचारायला पळायचं, हे एका बैठकीत दिसतं.

पायपीट
क्लासवरून आठवलं, नाशिकला छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. महाराष्ट्रातल्या मुलामुलींना एसएसबीची तयारी मोफत, राहणं-जेवणही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करायची.

भटकी_मैना
आठवड्यावर आलंय हो, आता कुठे नाशिक! हे बघा, लिहिलंय: 'माझे आईवडील मला प्रामाणिक, मेहनती आणि जबाबदार समजतात. त्यांना माझा अभिमान आहे.' कसं वाटतं?

चहाबाज
लग्नाच्या बायोडेटासारखं.

आजोळ
मैना, आईला विचारलंस का, की स्वतःच ठरवलंस? माझ्या मुलाने मला विचारलं होतं. मी सांगितलं, कामाला वाघ आहेस, पण धाकट्याशी फटकून वागतोस. पहिलं वाक्य लिहून घेतलं, दुसरं नाही.

माजी_छात्र
काकू बरोबर बोलल्या. मैना, वडील तुला कुठलं काम सांगतात जे घरात दुसऱ्या कोणाला सांगत नाहीत?

भटकी_मैना
गॅस, वीजबिल, आजीच्या गोळ्या. ऑफिसातून फोन करून विचारतात ते मलाच, दादा घरात असला तरी. पण आई म्हणते मी उलट उत्तर पटकन देते.

माजी_छात्र
हेच लिही. 'जबाबदार' हा शब्द लिहायची गरजही उरत नाही. आणि पहिल्या दिवशी जो पीआयक्यू फॉर्म (घर, शिक्षण, छंद वगैरे माहितीचा) भरशील त्याच्याशी हे जुळू दे. तिथे छंद ट्रेकिंग आणि इथे सगळ्या मैत्रिणी 'घरकोंबडी' म्हणतात, असं नको. सायकॉलॉजिस्ट तुला समोर बसवून विचारत नाही, मुलाखत दुसरा अधिकारी घेतो, पण शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला, म्हणजे अंतिम बैठकीला, तपासणारे सगळे एका टेबलाशी असतात.

विजयी_भव
उलट उत्तर देते हे लिहायचं? मग सैन्यात शिस्त कशी पाळणार, असं नाही का वाटणार?

आजोळ
सगळं गोड गोड लिहिलं तर जास्त संशय येईल.

चहाबाज
कानामागे छोटा टॅटू असेल तर चालतो का? धाग्यात विचारून घेतो.

माजी_छात्र
वेगळा धागा काढ बाबा.

भटकी_मैना
आणि स्वतःच्या परिच्छेदात कमतरता? 'मी परफेक्शनिस्ट आहे' चालेल?

माजी_छात्र
ती कमतरता नव्हे, आडून केलेलं कौतुक. खरी सांग, आणि त्यावर काय करतेयस तेही.

भटकी_मैना
मला नाही म्हणता येत नाही. कॅम्पमध्ये सगळ्यांची कामं माझ्या अंगावर पडायची. त्यावर काय करते? खरं तर काहीच नाही.

आजोळ
मग आठवडा आहे की. आजच कोणाला तरी नाही म्हण.

भटकी_मैना
दादाला म्हटलं. वीजबिल त्याच्या गळ्यात घातलंय, तो चिडलाय. पहिला परिच्छेद झाला, चार राहिले. मिनिटं लावून लिहिते आणि रात्री टाकते.

नवखा_२
नमुना मिळाला का? मलाही इनबॉक्स करा.