गाठ लहान, तरी अख्खा स्तन काढायचा? आणि हे ठरवायचं कुणी?

सांजवेळ

गेल्या पावसाळ्यात माझ्या मावशीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. वय ५८, गाठ दीड सेंटिमीटरची, काखेत काही नाही. डॉक्टरांनी दोन पर्याय सांगितले. एक, गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून नंतर रेडिएशन. दुसरा, मास्टेक्टॉमी, म्हणजे अख्खा स्तन काढणं. सांगितलं ते काकांना आणि मामेभावाला. मावशी बाहेर बाकावर फाइल मांडीवर घेऊन बसलेली. पाच मिनिटांत निकाल लागला, "काढूनच टाका एकदाचं, या वयात आता काय करायचंय." मावशीला आत बोलावलं ते सहीपुरतं.

मी आठवडाभर तिच्यापाशी होते. ड्रेनची, म्हणजे जखमेतलं पाणी जमा होणारी बाटली ती कापडी पिशवीत घालून पदराखाली ठेवायची. रोज सकाळी किती मिली भरलं ते कॅलेंडरवर लिहायची, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी. चौथ्या दिवशी बाटली रिकामी करताना म्हणाली, "विचारलं असतं तर मी कदाचित हेच सांगितलं असतं गं. पण विचारलं असतं तर."

माझं म्हणणं स्पष्ट आहे. लहान गाठीसाठी अख्खा स्तन काढणं ही आपल्याकडे खबरदारी नसून जुनी सवय आहे. १८९४ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॉलस्टेड या सर्जननं आपली पद्धत मांडली: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या गाठी (लसिकाग्रंथी) एकाच वेळी काढायच्या. जितकं जास्त कापू तितका रोग मुळापासून जाईल, ही त्यामागची समजूत पाऊणशे वर्षं टिकली. मग सर्जन बर्नार्ड फिशर यांनी १९७६ पासून अमेरिकेत १८५१ बायकांवर तुलना केली. वीस वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ साली आले. स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. मग आपण अजून "काढूनच टाका" का म्हणतो?

माणदेशी

ताई, तुमच्या मावशीचं वाईट वाटलं. पण "जुनी सवय" हा शब्द मला लागला. मी ४४ व्या वर्षी स्वतःहून मास्टेक्टॉमी निवडली. नवरा उलट म्हणत होता, स्तन वाचत असेल तर वाचवू.

रेडिएशन म्हणजे तेव्हा पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार, रोज. आमच्याकडे जवळपास मशीन नव्हतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून रोज परळच्या टाटा हॉस्पिटलात जाऊन शेक, म्हणजे रेडिएशन, घेणाऱ्या बायका मी पाहिल्यात, त्यांच्या हिमतीला नमस्कार. पण माझ्या घरी दोन पोरं, एक दहावीला. बागेत डाळिंब तोडणीला आलेलं. सासू डोळ्यांनी अधू. पाच आठवडे मी कुणाच्या भरवशावर सोडायचे? औषधोपचार सरकारी योजनेत बसला, पण मुंबईत राहणं, जाणं-येणं आणि सोबतीच्या माणसाची बुडणारी मजुरी कुठल्या योजनेत बसते?

मी घाबरून नाही, हिशेब करून स्तन दिला. आणि तो हिशेब माझा होता.

त्रास झाला तो हाताचा. माझ्या काखेतल्या गाठीही काढल्या होत्या, वर्षभरानं हात सुजला. संक्रांतीला भरलेल्या हिरव्या बांगड्या मनगटात रुतल्या. कासारानं एकेक करून बांगड्या वाढवल्या, तेव्हा मी ढसाढसा रडले. स्तन गेला तेव्हा एवढी रडले नव्हते.

निवृत्त_सर्जन

दोघींच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण धागा सुरू करणाऱ्या ताईंनी अर्धीच बाजू मांडली आहे. फिशर यांच्याच अभ्यासात, गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्या बायकांपैकी ३९ टक्क्यांना वीस वर्षांत त्याच स्तनात पुन्हा कॅन्सर झाला. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४ टक्के होतं. म्हणजे रेडिएशन पूर्ण होणार नसेल तर स्तन वाचवण्याचा पर्याय लंगडा पडतो. माणदेशी ताईंचा हिशेब वैद्यकीयदृष्ट्याही बरोबर होता. इटलीत मिलानला सर्जन उंबेर्तो व्हेरोनेझी यांनी ७०१ बायकांवर केलेला अभ्यास घ्या. त्याच बाजूला रोग परतण्याचं प्रमाण स्तन वाचवलेल्यांत ८.८ टक्के, हॉलस्टेड पद्धतीनं काढलेल्यांत २.३. जगण्यात फरक नाही हे खरं, पण पुन्हा ऑपरेशन टेबलावर जाण्याची शक्यता वाढते हेही पेशंटला सांगायलाच हवं. एकाच स्तनात दूरदूर अनेक गाठी असतील, किंवा सगळा स्तन लाल होऊन सुजला असेल, तर सहसा मास्टेक्टॉमीच लागते.

उलट बाजूही सांगतो. "स्तन काढला की रेडिएशन सुटलं" हे धरून चालू नका. गाठ मोठी असेल किंवा काखेत रोग पोहोचला असेल तर स्तन काढूनही रेडिएशन द्यावं लागतं. आता पुष्कळ पेशंटना ते तीन आठवड्यांत, पंधरा बैठकांत पुरं होतं. हात सुजतो तो मुख्यतः काखेतल्या शस्त्रक्रियेमुळे. म्हणून हल्ली शक्य असेल तिथे आधी मोजक्याच गाठी काढून तपासतात.

एक कबुली. मी अनेक वर्षं नातेवाइकांशीच बोललो. बाई रडेल, वेळ जाईल, बाहेर चाळीस पेशंट थांबलेत, असं मनाला सांगत राहिलो. ते चूक होतं.

केदार_पु

मी त्या "काकांच्या" जागी होतो, म्हणून लिहितो. माझ्या बायकोला रिपोर्ट कळला तेव्हा ती दोन दिवस जेवली नाही. डॉक्टर समजावत होते आणि ती भिंतीकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही बघा काय ते." मी बघितलं. मास्टेक्टॉमी निवडली, कारण मला तिचा स्तन नको होता, ती हवी होती. बाहेरून "बाईला विचारलं नाही" म्हणणं सोपं आहे. त्या खोलीत निर्णयाचं ओझं उचलणाऱ्याला कुणी विचारतं का?

रेवा

मी ३४ वर्षांची. आई आणि मावशी दोघी याच रोगानं गेल्या. तपासणीत माझ्यात बीआरसीए-१ जनुकाचा दोष निघाला. अशा बाईला आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सत्तर टक्क्यांच्या आसपास असते. कॅन्सर झालेला नसताना मी दोन्ही स्तन काढले. अँजेलिना जोलीनं २०१३ साली हेच केल्याचं जाहीर केलं तेव्हा कौतुक झालं. मी केलं तेव्हा आत्या म्हणाली, "लग्न व्हायचंय अजून, वेड लागलंय का?"

सांजवेळ, तुमच्या लिहिण्यात स्तन वाचला म्हणजे बाई जिंकली, असा सूर आहे. तोही आमच्यावर दाबच आहे. मला तर "निदान इम्प्लांट तरी बसवून घे" असं नर्सपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. मी नाही बसवलं. माझी छाती सपाट आहे आणि मी तशीच ड्रेस घालून ऑफिसला जाते.

सांजवेळ

रेवा, माणदेशी ताई, "सवय" हा शब्द मी मागे घेते. स्तन वाचवणं हेच बरोबर, असं मला म्हणायचं नव्हतं, पण लिहिताना तसं झालं.

केदार, तुमच्यावर माझा रोख नाही. तुमच्या बायकोनं "तुम्ही बघा" असं म्हटलं. माझ्या मावशीला ते म्हणायचीही संधी मिळाली नाही. पूर्वी अमेरिकेत बायॉप्सीसाठी भूल द्यायचे आणि गाठ कॅन्सरची निघाली की त्याच भुलीत स्तन काढायचे. बाई शुद्धीवर यायची तेव्हा छातीला हात लावून तिला कळायचं. रोझ कुशनर या पत्रकार बाईनं १९७४ साली स्वतःच्या बाबतीत याला नकार दिला आणि त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढली. मावशी शुद्धीत होती, एवढाच काय तो फरक.

केदार_पु

हे मान्य. पण काकांनाही एकदा विचारा, त्यांना त्या पाच मिनिटांत काय वाटलं. आम्हा पुरुषांना रडायला तो बाकसुद्धा नसतो.

सांजवेळ

विचारीन. काल मावशीला हे सगळं वाचून दाखवलं. बांगड्यांपाशी तिनं थांबवलं आणि तो भाग पुन्हा वाचायला लावला. मग माणदेशी ताईंना एक विचारायला सांगितलं: ब्लाउजला आतून खिसा शिवून कापूस भरलाय, पण हलका पडतो. हात वर केला की ती बाजू वर सरकते. काय करायचं?

माणदेशी

मावशींना सांगा, नुसता कापूस नको. जुन्या मऊ धोतराची पिशवी शिवायची, दुसऱ्या बाजूच्या आकाराची. मधे मूठ-दीड मूठ मोहरी, भोवती कापूस. वजन येतं आणि जागेवर बसतं. धुवायच्या आधी मोहरी काढायची. आणि हे जखम पूर्ण भरल्यावर, डॉक्टरांना विचारूनच. शिंपी ऐकत नसेल तर मापं पाठवा, मी शिवून देते.