रमीत बुडालेला माणूस 'लोभी' असतो?

तळटीप:
'आकडेमोड' यांनी काल लिहिलं की ऑनलाइन रमीत पैसे घालवणारे मुळात लोभी असतात, गेम्स आणि जाहिरातींना दोष देणं ही पळवाट आहे आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवरचा ऑगस्ट २०२५चा केंद्राचा बंदी कायदा हा निव्वळ आगाऊपणा आहे. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

जुगाराची लत म्हणजे स्वभावाची खोट, हे मानसोपचारवाल्यांनी केव्हाच सोडून दिलं. अमेरिकेच्या डीएसएम-५ने, म्हणजे मानसिक विकारांच्या निदानाच्या पुस्तकाने, २०१३ मध्ये तिला दारू-अफूच्या पंगतीत बसवलं. ल्यूक क्लार्क आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये लोकांना स्कॅनरमध्ये झोपवून स्लॉट मशीनसारखा खेळ दिला. जिंकणं थोडक्यात हुकलं की मेंदूत जिंकल्यावर जागे होतात तेच भाग जागे झाले. म्हणजे हरूनही हात पुन्हा बटणाकडे जातो. हे ठाऊक असलेली माणसं अ‍ॅप बनवतात, आणि दोषी फक्त खेळणारा?

गेम्समधले लूट बॉक्सही तसेच. पैसे आधी द्यायचे, आत काय निघेल ते नशिबावर. झेंडल आणि केर्न्स यांनी २०१८ मध्ये सात हजारांवर गेमर्सना विचारलं, तर ज्यांची जुगाराची समस्या गंभीर त्यांचा या पेट्यांवरचा खर्चही जास्त निघाला. बेल्जियमने त्याच वर्षी अशा पेट्यांना जुगार ठरवलं.

आकडेमोड:
दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असं होत नाही. ज्याला आधीच जुगाराची खोड आहे तोच पेट्यांवर पैसे उडवत असेल. ही शक्यता त्या संशोधकांनीच मांडली आहे, ती तुम्ही गाळलीत. मी शाळेपासून गेम खेळतोय, जुगाराच्या वाटेला गेलो नाही.

आणि बंदीचं म्हणाल तर जुगारबंदीचा कायदा आपल्याकडे, मुंबई इलाख्यात, १८८७ पासून आहे. जुगार थांबला का? न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावांवर मुंबईत आकडा लागायचा. ते भाव येणं १९६१ मध्ये थांबलं, तर १९६२ मध्ये वरळीत कल्याणजी भगतचा मटका उभा राहिला.

सांगलीची_सून:
माझ्या धाकट्या दिरांची द्राक्षबाग आहे. फवारणीसाठी आणलेले पैसे रमीत गेले. सुरुवातीला अ‍ॅपने बोनस दिला, चार डाव जिंकलेसुद्धा. मग सोसायटीचं कर्ज, मग सासूबाईंच्या पाटल्या. भाऊजींनी आयुष्यात कुणाचा रुपया बुडवला नव्हता. शेवटी शेवटी तर जिंकायचं नाव नाही, "वहिनी, गेलेले तेवढे निघाले की बंद," एवढंच. यात लोभ कुठे आहे ते सांगा.

तळटीप:
ताई, गेलेले पैसे काढायला पुन्हा खेळणं, हा समस्याग्रस्त जुगार मोजायच्या कॅनडाच्या नऊ प्रश्नांतला एक प्रश्नच आहे.

आकडेमोड:
वाईट वाटलं, मनापासून. तरी रमी मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असं सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच म्हटलंय.

पडवीतला:
रमीवर किती भांडाल? शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीचा सप्टेंबर २०२४चा अहवाल काढा. तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले (म्हणजे पुढच्या भावावरच्या सौद्यांतले) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, मिळून १.८ लाख कोटींवर रुपये गेले. त्यावर बंदी का नाही? आमच्या ऑफिसातल्या मुलाने बहिणीच्या लग्नाचे पैसे त्यात घातले, रील्स बघून.

आकडेमोड:
शेअर बाजाराला जुगार म्हणणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. ऑप्शन्स हेजिंगसाठी, म्हणजे हातातल्या शेअरचा तोटा आवरण्यासाठी असतात.

पडवीतला:
अडाणी कुणाला म्हणता? एक्स्पायरीच्या, म्हणजे सौद्याची मुदत संपायच्या दिवशी दुपारी तीनला ऑप्शन घेणारा पोरगा काय हेज करतो? त्याच्याकडे एक शेअर नाही! तोच मोबाइल, तेच लाल-हिरवे आकडे, तीच "आत्ताच वर येईल"ची आशा.

आकडेमोड:
बाजारात ताळेबंद असतो, कंपनी असते. शिस्त नसलेल्यांनी उतरू नये, एवढंच.

पडवीतला:
म्हणजे पुन्हा दोष त्या पोराचाच! ९३ टक्के लोक एकदम बेशिस्त निघाले का?

तळटीप:
पडवीतला, तुमचा मुद्दा खरा आहे, पण त्याने रमी सुटत नाही. ऑगस्ट २०२५ पर्यंत भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर ड्रीम११ हे पैसे लावून टीम बनवायचं अ‍ॅप होतं. मॅच बघणाऱ्या पोरांना क्रिकेट आणि पैसे लावणं एकच वाटू लागलं, ते आपोआप नव्हे. लूट बॉक्सबद्दल आकडेमोड म्हणतात ते बरोबर, कारण सिद्ध झालेलं नाही. पण जुगाराची खोड असलेलाच पेट्यांकडे ओढला जात असेल, तर कंपनी त्याच्याच दुखण्यावर पैसे कमावते. ते जास्त वाईट आहे.

आकडेमोड:
जाहिराती बंद करा, चालेल. पैसे भरण्यावर रोजची मर्यादा घाला, तेही चालेल. सरसकट बंदी मला अजून पटत नाही.

सांगलीची_सून:
मर्यादा होती त्या अ‍ॅपमध्ये. भाऊजींनी मामंजींच्या नंबरावर दुसरं खातं उघडलं. कंपनीने कागद मागितले, ते दिले, लगेच चालू झालं. पंच्याहत्तरीचा माणूस मध्यरात्री रमी खेळतोय, तरी कुणी विचारलं नाही.