मदत हवी आहे : कंट्रोल वाफाच भाजून टाकला, आता काय करू?

मृगाचीवाट (२६ मे, रात्री ११.४०)

पाऊस दहा-बारा दिवसांवर आलाय, म्हणून पाल्हाळ लावत नाही. एम.एस्सी.चा दुसरा आणि शेवटचा सीझन. सहा शेतकरी, प्रत्येकाकडे भाताच्या तरव्याचे (लावणीच्या रोपांचे) दोन वाफे, एक राब भाजलेला (शेण, फांद्या, पातेरा रचून जाळलेला) आणि एक न भाजलेला, म्हणजे कंट्रोल. आज चक्कर मारली तर तिघांनी न भाजलेलाही भाजून टाकलाय! एक काका वर म्हणतात, "तुझा तो वाफा बघवेना, म्हणून घेतला शेकून." म्हणजे सहाच्या तीन जोड्या उरल्या. तीनवर टी-टेस्ट (फरक खरा की योगायोगाचा ते तपासायची चाचणी) चालेल का? की शेजारच्या गावातून न भाजलेले वाफे घेऊ? गाइड म्हणतात "बघा कसं जमतं ते". लवकर सांगा प्लीज. आणि राब म्हणजे काय हे कोणी विचारू नका.

ऐनकिंजळ (२७ मे, सकाळी ६.१५)

राब म्हणजे काय ते नाही विचारत, पण काय मोजताय ते तरी सांगाल? तण? तरव्याची वाढ? माती? कुठला तालुका? गेल्या सीझनला काय निघालं? तीन जोड्यांवर टी-टेस्ट 'चालते', पण डिग्री ऑफ फ्रीडम (जोड्यांहून एक कमी) दोनच उरतात. टी ४.३ च्या वर गेला तरच पाच टक्क्यांवर काही म्हणता येईल. शेजारच्या गावाचं तर नावच काढू नका, मग जोडी कसली राहिली?

थेम्सकाठचा_बापू (२७ मे, सकाळी ७.०२)

राब! मे महिन्यात आजोळी डोंगरउतारावर संध्याकाळी जागोजागी धूर दिसायचा आणि कपड्यांना तो वास चिकटायचा. इथे बार्बेक्यूचा वास आला तरी मला आमची खाचरं आठवतात. बाकी तांत्रिक काही कळत नाही. शुभेच्छा.

नांगरमुक्त (२७ मे, सकाळी ८.३०)

ताई, प्रश्नच चुकलाय. राब नको, तरवा नको, चिखलणी नको, लावणी नको. कर्जत तालुक्यात नेरळला शेतकरी चंद्रशेखर भडसावळ्यांचं सगुणा राइस टेक्निक बघून या. एकदा गादीवाफे करायचे, लोखंडी साच्याने भोकं पाडून बी टोकायचं. पुढच्या वर्षी नांगरायचं नाही, जुनी मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मी चार वर्षं करतोय. वाफ्यात बोट घातलं तरी गांडूळ लागतं.

कडूकारलं (२७ मे, सकाळी ८.५२)

आणि कापणीनंतर फुटवे मारायला ग्लायफोसेट हे तणनाशक फवारायचं, ते का गाळलंत?

नांगरमुक्त (२७ मे, सकाळी ९.०५)

एकदा फवारतो. तुम्ही चहाबरोबर जे बिस्किट खाता त्याच्या गव्हावर किती वेळा फवारलं होतं, ते विचारलंत कधी?

कडूकारलं (२७ मे, सकाळी ९.११)

मी खारी खातो.

मृगाचीवाट (२७ मे, सकाळी ९.४०)

सगुणा मला माहीत आहे, तो माझा विषय नाही!! संगमेश्वर तालुका. तरव्याची उंची एकविसाव्या दिवशी, तण दहाव्या आणि विसाव्या दिवशी, अर्ध्या मीटरची चौकट टाकून मोजते. मूळ विषय जंगलाचा आहे. कवळ (राबात जाळायच्या पाल्याच्या फांद्या) तोडून तोडून ऐन-किंजळीची झाडं नुसते खांब झालीत. राबाशिवाय तरवा होतो असं दाखवता आलं तर कवळ वाचेल. गेल्या वर्षी न भाजलेल्यात तरवा पिवळा, बारीक आणि तण मात्र भरपूर. म्हणून तर लोकांचा माझ्यावर विश्वास उडालाय.

ऐनकिंजळ (२७ मे, सकाळी ९.४८)

न भाजलेल्या वाफ्यात शेण, पातेरा, काय घातलं होतं?

सातबारा_सल्ला (२७ मे, सकाळी १०.२०)

आधी सातबारा तपासा. इतर हक्कात 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायद्याची भानगड असते आणि कवळ तोडणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं. कोकणात असे असंख्य गट आहेत. नोंद कशी तपासायची ते हवं असेल तर लिहितो.

मृगाचीवाट (२७ मे, सकाळी १०.३१)

@ऐनकिंजळ काही नाही घातलं. कंट्रोल म्हणजे कंट्रोल ना?
@सातबारा_सल्ला नको.

ऐनकिंजळ (२७ मे, दुपारी १२.०५)

घोटाळा इथेच आहे. तिघांनी भाजलं ते बरंच झालं म्हणायचं.

राबात थर कसे लावतात ते आठवा. खाली शेण, वर कवळ, त्यावर पातेरा-गवत, आणि आग धुमसत राहावी म्हणून वरून मातीची भुरभुर. म्हणजे त्या वाफ्याला शेण मिळालं, राखेतून पालाश (पोटॅश) मिळालं आणि वरच्या बोटभर मातीला शेक बसला. शेकाने तणाचं वरवरचं बी मरतं आणि मातीतलं अडकलेलं नत्र (नायट्रोजन) अमोनियाच्या रूपात मोकळं होतं. दुसऱ्या वाफ्याला यातलं काहीच नाही. तुम्ही भाजणं विरुद्ध न भाजणं नाही मोजलंत, जेवलेला विरुद्ध उपाशी मोजलंत. तरवा पिवळा पडला तो कवळ नव्हती म्हणून की शेण नव्हतं म्हणून, कसं सांगणार?

असं करा. अख्खे वाफे मागूच नका. प्रत्येक शेतकऱ्याकडून मीटर बाय मीटरचे पाच चौकोन मागा, न भाजलेल्या कोपऱ्यात, मध्ये हातभर अंतर ठेवून.

पहिला नेहमीसारखा राब. दुसऱ्यावर पत्रा टाकून त्यावर तेवढंच शेण-कवळ जाळा. पत्रा उचला, खालच्या मातीला नुसता शेक मिळाला. ती राख तिसऱ्यावर पसरा, त्याला राख मिळाली पण शेक नाही. चौथ्यात न जाळता कुजलेलं शेणखत. कच्चा पातेरा गाडू नका, तो कुजताना नत्र खातो आणि तरवा पुन्हा पिवळा पडेल. पाचवा तुमचा लाडका कोरा. कुठला चौकोन कुठे ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. सहाही शेतकरी परत मिळाले, प्रत्येक जण एक ब्लॉक (पाचही चौकोनांचा एक संच), एकूण तीस चौरस मीटर.

दप्तरखाना (२७ मे, दुपारी १.३०)

हा प्रश्न फार जुना आहे. पुण्याच्या शेतकी कॉलेजात हॅरल्ड मान आणि त्यांचे सहकारी जोशी व कानिटकर यांनी राबाचा असाच पिच्छा पुरवला होता; १९१२ साली छापून आलं. राखेइतकाच, किंबहुना जास्त, मातीच्या शेकाचा प्रश्न त्यांनी धरला होता. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, मुंबई सरकारने ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांसाठी जंगल आयोग नेमला. जंगल राखीव झाल्यावर राबाचा टहाळ आणायचा कुठून, ही त्यातली मोठी तक्रार. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात हे हवंच.

हिरवळ_वाचवा (२७ मे, दुपारी २.१५)

इतिहास काय उगाळताय? राब म्हणजे ईशान्येकडची झूम शेतीच. सरळ बंदी घाला, वणवे आपोआप थांबतील.

दप्तरखाना (२७ मे, दुपारी २.४०)

झूममध्ये जंगलाचा तुकडा तोडून जाळतात, पिकवतात आणि पुढे सरकतात. आपल्याकडे त्याच्या जवळचं म्हणजे दळी किंवा कुमरी. राबात वाफा वर्षानुवर्षं तोच आणि झाडही तेच, फक्त फांद्या घेतात. वणव्याचं म्हणाल तर राब दुपारच्या वाऱ्यात पेटवून घरी झोपायला जाणारे आहेत, त्यांना जरूर बोला.

घाटीखालचा (२७ मे, संध्याकाळी ७.२०)

मी शेतकरी, शिक्षण बेताचं. ताई, एक गोष्ट तुम्ही मोजतच नाही. तरवा उपटताना तो सुटतो कसा! भाजलेल्या वाफ्यात माती भुसभुशीत असते, मूठ धरली की मुळासकट येतो. न भाजलेल्यात बायका खेचतात आणि मुळं तुटून राहतात. लावणीला एक बाई जास्त लागली तर तिची मजुरी कोण देणार? आमच्याकडे भाजावळ करतात ती निम्मी याच्यासाठी.

दुसरं, तुमचा अर्धा वाफा फसला तर त्या माणसाने तरवा कुठून आणायचा? हेक्टरच्या लावणीला दहा गुंठ्यांचा तरवा लागतो. तेवढाच हिशोब धरून तो पेरतो, वर मूठभरही नसतो. तुमच्या काकांनी शेकलं त्यात त्यांचं काय चुकलं?

तुसाची_राख (२७ मे, रात्री ८.१०)

एवढं सगळं बोलताय आणि डॉ. सावंतांच्या भातशेतीच्या चारसूत्रीचं कोणी नावही घेत नाही. पहिलंच सूत्र बघा: भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळा, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. सिलिका मिळतं, पालाश मिळतं, रोप ताठ होतं आणि उपटायलाही हलकं जातं. गिरणीत तूस पडून असतो. कवळ तोडायचं कामच नाही. ताई, सहावा चौकोन घालाच.

घाटीखालचा (२७ मे, रात्री ८.२५)

किलोने धरलं तर गुंठ्याला शंभर किलो राख, दहा गुंठ्यांना टन. आमची गिरणी अकरा किलोमीटरवर, तिथला तूस वीटभट्टीवाला आधीच उचलतो. टेम्पोचं भाडं धरलंत? कवळ घरामागे आहे.

तुसाची_राख (२७ मे, रात्री ८.३१)

मग अर्धा किलोने धरा.

मृगाचीवाट (२८ मे, रात्री १०.५०)

सगळ्यांचे आभार, आणि कालच्या चिडचिडीबद्दल सॉरी. आज काकांकडे गेले. मीटरभराचे चौकोन म्हटल्यावर हसले, "एवढंच ना? तिथे तर कोंबडी बसते." पाच जण तयार आहेत, सहावा उद्या सांगतो म्हणाला. तुसाचा चौकोन घालतेय, चौकोनाला अर्धा किलो म्हणजे सहा जणांचे मिळून तीनच किलो. तरवा उपटण्यासाठी प्रत्येक चौकोनातली पन्नास रोपं काकूच उपटतील आणि मुळं तुटलेली वेगळी काढू, असं ठरलंय. कुठला चौकोन कुठला ते काकूंना सांगणार नाही. कवळीचे भारेही ताणकाट्यावर तोलून घेतेय, गेल्या वर्षी नुसतेच मोजले होते.

एक राहिलं. पत्र्याचं काय? छपराचा चालेल? एकाकडे सिमेंटचे आहेत, एकाकडे नालीदार पांढरे.

ऐनकिंजळ (२८ मे, रात्री ११.०४)

सिमेंटचा मुळीच नको, आगीत फुटतो, तुकडे डोळ्यात जातील. पांढऱ्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो. धूर वाईट, शिवाय जस्त राखेत उतरलं तर भाताला तेच खत होईल आणि तिसरा चौकोन फुकट. साधा काळा लोखंडी पत्रा बघा.

मृगाचीवाट (२८ मे, रात्री ११.१०)

काकांकडे काजू भाजायचा जुना पत्रा आहे!

घाटीखालचा (२८ मे, रात्री ११.१८)

त्याला खाली भोकं असतात ताई, राख गळेल. आणि डिंक चढलेला असतो तो वेगळाच. देवरुखच्या बाजारात भंगारवाल्याकडे जुन्या पिंपाचा पत्रा मिळेल, सरळ ठोकून घ्या. तेलाचं पिंप असेल तर आधी एकदा रिकामं जाळून घ्या, वाफ्यापासून लांब.